श्वासाचं माप

"हे कुणाचं जनावर इथे मरून पडलंय?"

तिनं तो काळा चामड्याचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत उचलून धरला होता. संध्याकाळची वेळ, बाहेर पावसाची भुरभुर, जिमच्या काचांवर वाफ धरलेली... आणि नेमका तिच्या स्क्वॅटच्या रॅकवर हा जाडजूड पट्टा लोंबत होता.

"माझं आहे," मागून आवाज आला. "आणि मेलेलं नाही हो. दमलंय फक्त."

ती वळली. समोर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. अंगात बनियन, पायात जिमचे बूट आणि गळ्यात — तिला आधी टॉवेल वाटला — चक्क शिंप्याची टेप.

"कपडे शिवायला आलात की वजनं उचलायला?"

त्यानं गळ्याला हात लावला, टेप ओढून खिशात कोंबली आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "दुकानातून थेट आलो... राहून जाते ती. नसली की मला उघडं उघडं वाटतं."

"आणि हा पट्टा?"

"तो नसला की जास्तच."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. तो शेजारच्या रॅकशी गेला, पट्टा कमरेला करकचून आवळला आणि दांडीखाली शिरला. दांडीला एकही प्लेट लावलेली नव्हती.

"अहो, रिकामी आहे ती!"

"ठाऊक आहे मला."

"पाणी पितानाही पट्टा लावता का?"

"बाटली भरलेली असेल तर," तो म्हणाला आणि गंभीर चेहऱ्यानं खाली बसला. तिनं त्याच दिवशी त्याचं नाव 'पट्टेवाला' ठेवलं आणि आठवड्याभरात ते जिमभर झालं.

ती बेकरीवाल्याची एकुलती एक मुलगी. चालायला लागली ती मैद्याच्या गोण्यांना धरून, आणि शाळा संपायच्या आत त्याच गोण्या उचलायला लागली. नाकावर माशी बसू द्यायची नाही. यंदा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती — शहराच्या संघात जागा. निवड चाचणीत शंभर किलोची दांडी पाठीवर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. उठलात तर संघात, नाही तर घरी. गेल्या वर्षी ती बसली होती, पण उठली नव्हती. यंदा उठायचंच असं तिनं ठरवलं होतं, आणि तिनं एकदा ठरवलं की मग ब्रह्मदेव खाली आला तरी ते बदलत नसे.

अडचण एवढीच होती, की शंभर काही केल्या उठत नव्हतं. नव्वद सहज, पंचाण्णव दात-ओठ खाऊन, आणि शंभरला दरवेळी अर्ध्यात गाडं अडायचं. तिला शिकवणाऱ्या बाई — सगळी जिम त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची — सांगून सांगून थकल्या होत्या.

"अगं, पाठ मजबूत आहे तुझी, पाय मजबूत आहेत. जड वजनाला पट्टा बांध. पोट हवेनं भरायचं आणि त्या पट्ट्यावर ढकलायचं, मग कणा हलत नाही."

"मी पट्टा बांधणार नाही, बाई."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

पालथ्या घड्यावर पाणी! बाई कपाळाला हात लावून निघून जायच्या आणि शेजारच्या रॅकवरून पट्टेवाला हळूच विचारायचा, "माझा देऊ का? जनावर आहे, पण चावत नाही."

"तुमचं जनावर तुम्हीच सांभाळा."

असं रोज चालायचं. कधी तो तिच्या दांडीला प्लेट चढवून द्यायचा, कधी ती त्याचे गुडघे आत वळतात म्हणून खेकसायची. 'तुम्ही' जाऊन 'तू' कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. जिमला येण्याआधी ती आरशात दोनदा बघायला लागली. घाम गाळायला जाताना केस कशाला विंचरायचे, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आणि शिंपी सकाळी बेकरीत यायला लागला. रोज. रोज एक मोठा पाव.

"एकटा जीव आहे ना तो?" बाबांनी एकदा गल्ल्यामागून विचारलं. "मग एवढे पाव खातं कोण?"

"मला काय ठाऊक!" ती म्हणाली आणि ट्रे आपटत आत गेली. तिचे कान तापले होते, आणि भट्टी तर केव्हाच विझली होती.

एका सकाळी पाव कागदात गुंडाळला जात असताना शिंप्याची नजर भट्टीच्या दारामागे गेली. तिथं खिळ्याला एक रुंद, मळका, कापडी पट्टा टांगला होता.

"तोही पट्टाच ना?" त्यानं विचारलं.

तिचे हात थांबले. "बाबांचा आहे. पाठीचा." मग आवाज खाली घेऊन ती बोलली, जे तिनं बाईंनाही सांगितलं नव्हतं. "माझे बाबा दोन-दोन गोण्या उचलायचे. एक दिवस तो पट्टा आला, आणि त्यानंतर त्यांनी एकही गोणी उचलली नाही. कधीच नाही. पट्टा चढला की माणूस उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला तो नको."

शिंप्यानं त्यावर चेष्टा केली नाही. तो फक्त तिच्याकडे बघत राहिला... तिच्या चेहऱ्याकडे, आणि मग, अगदी क्षणभर, तिच्या कमरेकडे. धंद्याची सवय, असं तिनं स्वतःला समजावलं.

चाचणी तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी तो जिममध्ये आला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात ठेवलं. आत पट्टा होता. नवा, तपकिरी, कडेनं हातानं घातलेल्या बारीक टाक्यांचा. चामड्याला अजून मेणाचा वास येत होता.

"तू केलास?"

"हं. बोटांची चाळण झाली. मशीन घेईना एवढं जाड..." तो मान खाली घालून म्हणाला. "एकदाच बांधून बघ. नाही आवडला तर कापून चपला करीन."

नकार तिच्या ओठांवर होता. पण त्याच्या बोटांवरचे सुईचे वण तिला दिसले आणि नकार ओठांवरच राहिला. तिनं पट्टा उलटसुलट करून पाहिला. "याला एकच भोक?"

"माप एकच असतं," शिंपी छाती काढून म्हणाला. "नजरेनं घेतलंय. माझं माप चुकत नाही."

खरंच चुकलं नव्हतं. पट्टा तिच्या कमरेला असा बसला, जणू कातडीच. बाई हातातलं काम टाकून बघायला आल्या. तिनं शंभर लावले, दांडी पाठीवर घेतली, श्वास घेतला — आणि श्वास अर्ध्यातच अडकला. पोटाला फुगायला जागाच नव्हती. ती तशीच खाली बसली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दांडी धाडकन रॅकच्या आडव्या दांड्यांवर आदळली. सगळी जिम वळून बघायला लागली.

तिनं बक्कल ओढून सोडलं. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो कोण सोडवणार? "सांगितलं होतं मी! शंभरदा सांगितलं होतं! तरी तुझ्यासाठी... तुझ्यासाठी बांधला मी हा! माप चुकत नाही म्हणे! कमरेचं माप घेतलंस, श्वासाचं कुठे घेतलंस?"

शिंप्याचा चेहरा उतरला. तिनं पट्टा बाकावर फेकला आणि भिजत बेकरीत गेली.

बाबा गल्ल्यापाशी बसले होते. तिच्याकडे एकदा बघून त्यांनी विचारलं, "कुणी रडवलं?"

"पट्ट्यानं," ती म्हणाली आणि मग सगळंच बोलून गेली. गोण्यांचं, खिळ्याचं, मनात इतकी वर्षं धरून ठेवलेलं. बाबा ऐकता ऐकता हसायला लागले.

"अगं वेडे, पाठ आधी गेली, पट्टा नंतर आला. छत्री उघडली म्हणून पाऊस आला असं म्हणतेस तू! पाठ वाकवून गोण्या उचलायचो मी, कुणाचं ऐकायचो नाही. डॉक्टरांचंही नाही, तुझ्या आईचंही नाही." ते थांबले. "माझ्याकडून ताकद घेतलीस ते चांगलं झालं पोरी. हट्टही सगळाच घ्यायला पाहिजे होतास का?"

ती बराच वेळ खिळ्यावरच्या पट्ट्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्याला तिनं गुन्हेगार ठरवलं होतं, ते बिचारं नुसतं एक मळकं फडकं होतं. तिला स्वतःचा राग आला, आणि शिंप्याचा उतरलेला चेहरा आठवला.

चार दिवस तो जिमला आला नाही. पाचव्या दिवशी ती कंबर कसून त्याच्या दुकानाची पायरी चढली. तो मशीनवर वाकून बसला होता. तिला बघताच उठला, खुर्ची पाडली.

"माप घे," ती म्हणाली.

"कशाचं?"

"श्वासाचं. आणि त्या दिवशी मी जे बोलले ते..."

"बरोबर बोललीस," तो घाईनं म्हणाला. "चार दिवस तेवढंच ऐकू येतंय मला. उभं राहिलेलं माणूस मापलं मी, श्वास घेणारं नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती."

त्यानं गळ्यातली टेप काढली, तिच्या कमरेमागून फिरवून पुढे आणली. दुकानात नवीन कापडाचा वास होता, पत्र्यावर पाऊस टपटपत होता. "श्वास घे. पोटात. धरून ठेव..."

तिनं घेतला. टेप ताणली गेली. त्याची बोटं आकड्यावर होती. तो वाचतोय, वाचतोय... त्याचं वाचून होईना.

"सोडू का?" तिनं कोंडल्या आवाजात विचारलं.

"थांब. अजून वाचून व्हायचंय."

"आकडा आहे की कादंबरी?"

त्याला हसू फुटलं, तिचाही श्वास सुटला, आणि मग माप पुन्हा घ्यावं लागलं. मग पुन्हा एकदा. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदाच बरोबर आलं होतं.

"एक अट आहे," जाताना ती दारात वळून म्हणाली. "शंभरला मी बांधते. रिकाम्या दांडीला तू सोड."

त्याचा हात नकळत कमरेवर गेला. "दिवसभर वाकून बसतो मी... भीती वाटते. पाठ धरली तर?"

"म्हणून तर हलकं हलकं नुसत्या पाठीनं उचलायचं. मी असेन शेजारी."

त्यानं हात कमरेवरून काढला. मग म्हणाला, "तू असशील तर सोडतो."

चाचणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. बाबा पुढच्या रांगेत, पाठीमागे उशी लावून. पहिल्या फेरीत तिनं नव्वद उचललं, पट्ट्याशिवाय. मग शंभर. पडद्यामागे शिंप्यानं पट्टा तिच्या कमरेभोवती घालून बक्कल श्वासाच्या मापानं पाडलेल्या नव्या भोकात अडकवलं. ती मंचावर गेली, पण तिची नजर त्याला शोधत राहिली, श्वास उथळ राहिला, आणि गेल्या वर्षीसारखीच ती अर्ध्यात अडली. दोघा मदतनिसांनी दांडी धरली. आता तीनपैकी एकच संधी उरली होती.

ती आत आली ती ओठ चावत. शिंपी तिच्यासमोर उभा राहिला.

"पट्टा मी बांधला," तो म्हणाला. "श्वास तुलाच घ्यायचाय. माझ्याकडे बघू नकोस. मी कुठे जात नाहीये."

ती पुन्हा मंचावर गेली. या वेळी तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. दांडी पाठीवर घेतली, पोटाच्या तळापर्यंत श्वास भरला आणि सगळ्या अंगानं पट्ट्यावर ढकललं. पट्टा हलला नाही. ती खाली बसली. अर्ध्यावर दांडी थांबली, पाय थरथरले. 'उठायचंय,' ती मनात म्हणाली, 'मला उठायचंच आहे.' दांडी कणाकणानं वर सरकली... सरकली... आणि ती सरळ उभी राहिली. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य. बाबा पाठ विसरून उठून उभे राहिले होते आणि उशी खाली पडली होती.

पडद्यामागे तिला रडू येत होतं आणि हसूही. शिंप्यानं बक्कल सोडलं. पट्टा हातात घेऊन तिनं गालाशी धरला, आणि तेव्हा तिला ते दिसलं. नव्या भोकाच्या पुढे, टोकाकडे, आणखी एक भोक होतं.

"हे तिसरं कशाला?"

"ते... पुढचं आहे."

"पुढचं म्हणजे?"

"म्हणजे..." तो कानापर्यंत लाल झाला. "माणूस काही कायम एका मापाचं राहत नाही. तुझ्या बाबांचे पाव आहेत, वय आहे, आणि... आणखीही कारणं असतात. मला वाटलं, तेव्हासुद्धा पट्टा मीच बांधून द्यावा."

"माप एकच असतं म्हणणारा तूच ना?"

"चुकलो होतो." त्यानं एक मोठा श्वास घेतला, अगदी पोटातून. "मला तू आवडतेस. तू पट्ट्याला मेलेलं जनावर म्हणालीस ना, तेव्हापासून. एवढे पाव मी खातो असं वाटलं तुला? अर्धी गल्ली खाते."

तिनं पट्टा उलगडला आणि तिसऱ्या भोकापासून टोकापर्यंतचं चामडं अंगठ्यानं मोजून पाहिलं. तो जीव मुठीत धरून बघत होता.

"जागा आहे अजून," ती म्हणाली आणि पट्टा त्याच्या हातात ठेवला. "आणखी दोन भोकं तरी सहज बसतील. पाड."