पुस्तकात नसलेले दोन ठोके

पडद्यावर आकडा उमटला, एकोणसत्तर. त्याखाली लाल अक्षरांत शब्द आला, नापास.

मिरजेच्या जीवविज्ञान व्यावसायिक परिषदेच्या परीक्षागृहात लाल अक्षरं वर्षानुवर्षं दिसत नसत. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जिवंत पेशींना हात लावायची परवानगी नव्हती, आणि नाव चढायचं तर प्रमाण परीक्षा द्यावी लागे. तीनदा नापास झालेल्याचं नाव कायमचं कटे, मग ते उमेदवारांच्या यादीत असो की नोंदवहीत. वयाचा, मानाचा अपवाद नाही. हा नियम परीक्षा मंडळाच्या अध्यक्ष डॉ. हेमांगी बर्डे यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ‘हात खोटा तर विज्ञान खोटं,’ असं त्या प्रत्येक नव्या तुकडीला सुनावत.

समोर उभी होती सांगोल्याची शाल्मली वाघमोडे. डावखुरी. आज तिसऱ्यांदा नापास.

परीक्षा तशी साधी होती. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशी नेत्ररक्षक द्रवात दहा दिवस ठेवलेल्या असत. काचेच्या बशीतल्या त्या पेशींवर रंग घालायचा, बशी धुवायची आणि शंभरांतल्या जिवंत किती ते मोजायचं. नेत्ररक्षक द्रव हा हेमांगीबाईंचा चोवीस वर्षांपूर्वीचा शोध. देशातल्या साऱ्या नेत्रपेढ्या दान केलेले पडदे त्यात दहा दिवस ठेवत. तयार हाताला आकडा ब्याण्णव येतो, हे परिषदेत शिपायालाही ठाऊक होतं.

“वाईट वाटतं मला,” हेमांगीबाई म्हणाल्या. “पण तीन संधी झाल्या. आता नाव कटणार.”

“मॅडम, एक विचारू?” शाल्मली म्हणाली. “सगळे जण धुवायच्या आधी उजव्या करंगळीच्या नखानं बशीच्या कडेवर दोन ठोके मारतात. ते का मारतात?”

“लकब आहे ती. हात तयार झाल्याची खूण.”

“मलापण तसंच वाटायचं. परवा सरावाच्या बशीवर मी मारून बघितले. ब्याण्णव आले. नाही मारले, तर एकोणसत्तर. सहा वेळा करून बघितलं, मॅडम.”

हेमांगीबाईंचा चेहरा उतरला. “मग आज का नाही मारलेस? पास झाली असतीस.”

“पुस्तकात नाहीत ते ठोके. पुस्तक तुम्हीच लिहिलंय.” तिने बशी बाईंच्या पुढे सरकवली. “पद्धतीत असतील तर पुस्तकात लिहा, मी मारीन. नसतील तर मी कसे मारू?”

ते ठोके पुस्तकात का नाहीत, हे बाईंना चोवीस वर्षं पाठ होतं.

तेव्हा त्या शाल्मलीच्याच वयाच्या होत्या. शोधनिबंध पाठवायला तीन दिवस उरले होते आणि आकडा सत्तरच्या वर सरकत नव्हता. चिडून त्यांनी नखाने बशी ठोकली. मेलेल्या पेशी काचेला घट्ट धरून नसतात. त्या सुटल्या आणि पाण्याबरोबर वाहून गेल्या. उरलेल्यांत मोजलं तर शंभरांत ब्याण्णव जिवंत! पुढच्या बशीला बाईंनी जाणूनबुजून ठोकलं. त्याच्या पुढच्या बशीलाही. पद्धत लिहिताना मात्र ठोक्यांची ओळ गाळली. इतर प्रयोगशाळांची पडताळणी येईपर्यंत दोन वर्षं त्या रोजचं टपाल धास्तीनेच उघडत. पण पडताळणी आली ती ब्याण्णवचीच! एकामागून एक, सगळीकडून ब्याण्णव. मग बाईंनी स्वतःची समजूत घातली की द्रव खराच चांगला असणार, आपला ठोका फक्त कचरा झाडत होता. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

त्या तशाच उठून कार्यवाह डॉ. इक्बाल मुजावर यांच्या खोलीत गेल्या. मुजावर मेंदूतज्ज्ञ. एका हाताचं कसब दुसऱ्या हाताला शिकवणारा करस्मृती हातमोजा त्यांनीच घडवला होता, द्रवाच्या शोधानंतर लगेचच.

“इक्बाल, मोज्यात माझ्या हाताचं नेमकं काय काय उतरलं?”

“सगळं,” मुजावर म्हणाले. “तुम्ही काम करताना स्नायूंना जे जे हुकूम गेले, ते सगळे मोज्याने टिपले. शिकणाऱ्याच्या हातात तो चढवला की तेच हुकूम त्याच्या स्नायूंना बारीक विजेने मिळतात. चाळीस तासांत लहान मेंदू ते आपलेच मानतो. पुढे माणसाला विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो.”

“नको ते वगळता येत नाही?”

“नको ते कोणतं, हे आम्हाला कसं कळणार? निवडत बसलो असतो तर कौशल्यच निसटलं असतं. हात जसाच्या तसा घेतला, म्हणून तर तीनशे प्रयोगशाळांत तुमचा हात आहे.”

पडताळणी करणारे ते सगळे हात आपलेच होते, हे इतक्या वर्षांत बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. की येऊ दिलं नव्हतं? त्यांनी सारं सांगून टाकलं. सांगताना मान वर झाली नाही.

“मंडळ मानणार नाही,” मुजावर म्हणाले. “तीनशे जागी ब्याण्णव आणि एका जागी एकोणसत्तर. तेही नाव कटलेल्या मुलीचं, आणि अशी साक्ष मंडळ धरत नाही. ठोक्याशिवाय तुम्ही करून दाखवा.”

बाईंनी तिथेच प्रयत्न केला. हाताने बशी उचलली, रंग घातला आणि दोन ठोके मारले. करंगळीला पट्टी बांधली, तर अनामिकेने मारले. दोन्ही बोटं बांधली, तेव्हा हात इतका थरथरला की बशीच सांडली.

“दुसऱ्या कुणाला बोलवा,” बाई म्हणाल्या.

“कुणाला? नोंदवहीतला प्रत्येक उजवा हात तुमचा आहे. प्रयोगशाळेतले यंत्रहातसुद्धा तुमच्याच नोंदीवर चालतात. डावखुऱ्यांनीही उजव्या हातात मोजा घालून शिकून घेतलं. एका वाघमोडेचाच हात मोजा मानेना, म्हणून ती पुस्तक वाचून शिकली.”

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून परिषदेतल्या लोकांना नवल बघायला मिळालं. ज्यांचा फोटो जिन्यात लावलेला, त्या बाई नापास मुलीशेजारी स्टुलावर बसून डाव्या हाताने बशी धुवायला शिकत होत्या. पाणी सांडे, पेशी खरवडल्या जात. “मॅडम, मनगट सैल सोडा. घाई नका करू,” शाल्मली सांगे. ती एकदाही टोमणा मारत नसे, आणि बाईंना तेच सोसवत नसे. शिकता शिकता त्यांना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची पत्रं आठवत. बसवलेला पडदा धुरकट होतो, द्रव तपासून पाहा, असं त्यांनी लिहिलं होतं. परिषदेने उत्तर धाडलं होतं की दोष हातांचा आहे, प्रशिक्षणाला या. ते बिचारे आलेही होते. त्या उत्तराखाली सही बाईंची होती. किती जणांची दृष्टी गेली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दहा आठवड्यांनी मंडळाचे सातही सदस्य परीक्षागृहात जमले. निष्कर्षाला तीन आवृत्त्या लागतात, तेव्हा बाईंनी तीन बशा घेतल्या. उजवा हात त्यांनी पाठीशी बांधून घेतला होता. डावा हात सावकाश, पण न चुकता चालला. अडुसष्ट. सत्तर. एकोणसत्तर. तिन्ही वेळा पडद्यावर लाल अक्षरं उमटली, आणि बाईंना चोवीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

मुजावरांनी नेत्रपेढ्यांना तातडीचं पत्र त्याच वेळी धाडलं. पडदे दहा दिवस ठेवू नका, आजवरच्या सगळ्या रुग्णांना तपासणीला बोलवा. शाल्मलीचा आकडाच खरा ठरल्याने मंडळाने तिचं नाव नोंदवहीत चढवायचा ठराव केला. मग मुजावर घसा खाकरून म्हणाले, “बाई, यंत्रणेने आणखी एक कागद काढलाय. तीनदा नापास. नियम आपोआप लागतो. पण आपण या वेळेपुरता...”

“अपवाद नाही,” बाई म्हणाल्या. “खोटा हात माझा होता. आणा इकडे.”

नाव कटण्याच्या कागदावर अध्यक्षांची सही लागत असे. शाल्मलीने बाईंचा पाठीशी बांधलेला हात सोडवला. बाईंनी पेन उचललं. सही करण्याआधी उजव्या करंगळीचं नख कागदाच्या कडेवर दोनदा वाजलं. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

बाईंचे कान तापले. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि शाल्मलीला विचारलं, “कसं धरू?”

शाल्मलीने त्यांची बोटं नीट बसवून दिली. मग बाईंनी पहिलीतल्या मुलीसारखी वाकडीतिकडी, एकेक अक्षर जोडत सही केली.