मन प्रसन्न, काम सुरू

"ज्यानं तो निरोप पाठवला, त्यानंच माझ्या भावाले मारलं," काजल म्हणाली आणि प्रेमलताबाईंसमोर फोन ठेवून रडू लागली.

गणपतराव चहा सांगायला उठले होते, ते तसेच खाली बसले. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते नागपुरात महाल भागातल्या बाईंच्या खोलीत बसायचे आणि स्वतःला गुप्तहेराचे मदतनीस म्हणवून घ्यायचे. नेमकी मदत काय, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

काजलचा धाकटा भाऊ चंदन मानेवाड्याला एकटाच राहायचा. त्याच्या कंपनीला कार्यालयच नव्हतं. सगळे घरून काम करायचे. सोमवारी रात्री त्याला ताप चढला. मंगळवारपासून तो बेशुद्ध असावा आणि बुधवारी संध्याकाळी गेला, असं डॉक्टरांचं मत. दाराला आतून कडी होती.

"बुधवारी सकाळी तो फोन उचलेना, म्हणून मी नरखेडहून त्याच्या मॅडमले विचारलं. त्या म्हणे, आताच निरोप आला, तो काम करून राहिला. म्हणून मी एसटीत बसली नाही, बाई."

मॅडमनी नंतर काजलला पाठवलेला निरोप असा होता: 'काल चित्रं पूर्ण. आज दुपारच्या बैठकीला येतो. मन प्रसन्न, काम सुरू.' खाली मॅडमची 'शाब्बास!' होती.

"बेशुद्ध माणूस लिहील कसा?" गणपतराव म्हणाले. "पासवर्ड दुसऱ्या कोणाकडे असणार."

"कंपनीतल्या सगळ्यांना इथं बोलवा," बाई म्हणाल्या. "फोनवर नको."

रविवारी तिघं आले. कंपनीची मालकीण हिमानी धरमपेठेतून, वैभव हिंगण्याहून, मयुरी रामटेकहून. दोन वर्षं एकत्र काम केलेली ही माणसं जिन्यात एकमेकांना ओळखेनात.

"पासवर्ड माझ्याकडे सगळ्यांचे आहेत," हिमानी म्हणाली. "पण मी कशाला पाठवू? संवाद सुधारावा म्हणून नियम मीच केला. कंपनीच्या अ‍ॅपवर रोज सकाळी नऊला तीन गोष्टी लिहायच्या, नाही तर यादीत नाव लाल होतं."

"बुधवारी कुठं होतात?"

"भंडाऱ्याला, लग्नाला. बैठक मी मंगळवारीच सगळ्यांना कळवून रद्द केली होती. काजलताईंचा फोन गाडीत आला."

वैभव म्हणाला, "आमच्याकडे मंगळवारी रात्रीपासून लाइट नव्हती. फोनही बंद पडला. मी दुपारपर्यंत झोपून होतो."

"मी पहाटेच गडावर गेली होती," मयुरी म्हणाली. "आईनं फोन घरीच ठेवाले लावला."

गणपतरावांनी हिमानीकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांच्या मते प्रकरण संपलं होतं.

बाईंनी काजलचा फोन बाजूला सारला आणि हिमानीचा मागून घेतला. "बुधवार, नऊचा ठोका. वैभव: 'आज दुपारच्या बैठकीला येतो. मन प्रसन्न.' फोन तर बंद होता ना रे? मयुरी: 'बैठकीला येते. मन प्रसन्न.' तुझा फोन घरी होता. आणि बैठक तर आदल्या दिवशीच रद्द झालेली. बुधवारी चंदनच्या नावानं कोणी शिरलं असतं, तर त्याला ती सूचना आधी दिसली असती. म्हणजे हे सगळे निरोप मंगळवारच्या आधीचे आहेत."

वैभवनं मान खाली घातली. "सोमवारीच आठवडाभराचे लिहून वेळ लावून ठेवतो आम्ही, रोज नऊला ते आपोआप जातात. नाव लाल व्हाले नको म्हणून. चंदनले मीच शिकवलं."

"आणि तुमची शाब्बास, हिमानीताई?"

"तीही लावलेलीच असते," हिमानी म्हणाली. "मी काजलताईंना सांगितलं तेव्हा निरोपाची फक्त वेळ पाहिली होती, मजकूर नाही."

"मग चंदनचा निरोप पाठवला कोणी?" गणपतरावांनी विचारलं. त्यांना अजून उलगडत नव्हतं.

"चंदननंच. सोमवारी, धडधाकट असताना. बुधवारी सकाळी तिथं कोणीच नव्हतं, गणपतराव. लिहिणारंही नाही, वाचणारंही नाही."

गुन्हेगार सापडला असता तर बरं झालं असतं, असं गणपतरावांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"म्हणजे मी कोणाले धरू, बाई?" काजल म्हणाली. "माझ्याच भावानं मले सांगितलं, तो बरा आहे म्हणून?"

मयुरी उठून काजलशेजारी बसली.

"ताई, दोन वर्षं आम्ही नुसतं लिहूनच बोललो, बैठकीतही. त्याचा आवाज कसा होता?"

काजलनं पदरानं तोंड पुसलं. "बोलताना अडखळे तो. लोक हसत. म्हणून त्याले हे काम आवडलं, कोणासंग बोलावं लागे नाही. बोले तो फक्त माह्यासंग."