सदरेवरचे वाघ

पूर्वेच्या डोंगररांगा तांबूस होत होत्या आणि भैरवकड्याच्या बालेकिल्ल्यावर नुकतेच चढलेले पादशाही निशाण दवाने जड होऊन काठीला चिकटले होते. सदरेत मात्र पहाटेपासूनच लगबग होती. कारण गड जिंकणाऱ्या मुनीरखानाने खोऱ्याखोऱ्यांतल्या देशमुखांना आज निष्ठेचा विडा उचलायला बोलावले होते.

सदरेच्या भिंतीवर अंताजी जिनगराने पूर्वी रंगवलेले भव्य चित्र होते: सह्याद्रीच्या कड्यांवर निर्धास्त पहुडलेले वाघ आणि बिबटे. देशमुख त्या चित्राचा अभिमान बाळगतात हे कळताच खानाने अंताजीला फर्मावले होते, "प्रत्येक जनावराच्या गळ्यात साखळी रंगव. भर दरबारात त्यांना ती दिसली पाहिजे."

अंताजीने मान तुकवली, रंग मागितले आणि पडदा बांधून काम चालवले.

देशमुख हत्यारे दरवाजात ठेवून आत आले. खानाने हसत खूण केली. पडदा सरला.

साखळी कुठेच नव्हती. पहुडलेले वाघ आता उठून उभे होते आणि त्यांच्या नजरा थेट खानाच्या मसनदीवर रोखलेल्या होत्या.

"बेअदब! हुकूम विसरलास?" खान गरजला.

"विसरलो नाही, हुजूर," अंताजी म्हणाला. "रानात पुष्कळ वाघ पाहिले. बांधलेला एकही पाहिला नाही. मग रंगवू कसा?"

"याचा उजवा हात तोडा!"

शिपाई सरसावले, तोच वेळखोऱ्याची वृद्ध देशमुखीण आवडाबाई उठली. समोरचे विड्याचे तबक तिने दूर सारले.

"खानसाहेब, वतन राखावे म्हणून विडा उचलायला आले होते, खोटे का बोलू? पण हा आपला हात पणाला लावतो आणि आम्ही पान चघळत बसायचे? हे आमच्याने व्हायचे नाही."

एकामागून एक सारे देशमुख उठून तिच्या पाठीशी उभे राहिले. कुणाच्याही कमरेला तलवार नव्हती.

"यांना मारले तर सारी खोरी पेटतील, हुजूर," दिवाण कुजबुजला. खानाने त्यांना वाट दिली. अंताजीला दिली नाही.

त्याच दिवशी अंताजीचा हात गेला, चित्रावर चुना फासला गेला. पण त्यानंतर खोऱ्यांतून गडावर दाण्याची एकही गोणी चढली नाही. हिवाळा सरण्यापूर्वी खान उपाशी फौजेनिशी गड उतरून गेला.

आवडाबाईने अंताजीला आपल्या सदरेवर आणवले आणि कोरी भिंत दाखवली.

"डावा हात अजून शिकला नाही, आईसाहेब. वाघ वाकडा निघेल."

"निघू दे," ती म्हणाली आणि रंगाची वाटी हाती धरून त्याच्या शेजारी उभी राहिली.