एका चौकोनात एकच रंग

तलावाकाठच्या ओल्या फरशीवरून तिचा पाय सटकला, तेव्हा पोहणं शिकवणाऱ्या सरांनी झडप घालून धरलं – तिला नाही, तिच्या लॅपटॉपला.

"वा! आणि मी?" कंबर चोळत ती उठली.

"तुम्ही उठाल हो! यात माझी सगळी पोरं आहेत."

पोरं त्यांना बेडूकसर म्हणायची. निथळणारे केस, डोळ्यांत मिस्कील हसू... तिला धड रागावताही येईना.

सरांनी वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये जपलेली मुलांची माहिती तिनं आज सकाळीच नव्या डेटाबेसमध्ये नेली होती. एकही नाव गळलं नव्हतं. तिनं ऐटीत स्क्रीन पुढे केली, आणि सरांचा चेहराच उतरला.

"रंग कुठे गेले?"

"रंग येत नाहीत त्यात. शोभेचेच होते ना?"

"पिवळा म्हणजे दमा. गुलाबी म्हणजे पाण्याला घाबरतं, हात सोडायचा नाही. सोमवारपासून नवे शिक्षक हीच स्क्रीन बघून पोरांना पाण्यात उतरवणार, मॅडम."

ती तिथेच काठावर बसली. "सांगा. एकेक मूल सांगा."

सर सांगत गेले, ती भरत गेली. एका नावापाशी ते अडखळले.

"ही चिमुरडी... दमाही आहे, घाबरतेही. चौकोनाला रंग एकच. मग मी पिवळा दिला, आणि भीती... ती माझ्या डोक्यात ठेवली."

"आता नको ठेवायला. काळज्यांचा तक्ता वेगळा केलाय मी, मुलांच्या नावांशी जोडलेला. एकेका मुलाला हव्या तेवढ्या काळज्या लावा."

सर तिच्याकडेच बघत राहिले.

"स्क्रीन इकडे आहे," ती म्हणाली.

"माहितीये की."

सोमवारी नव्या शिक्षिकेनं स्क्रीन वाचली, चिमुरडीचा दम्याचा पंप काठावर ठेवला आणि तिचा हात घट्ट धरूनच पाण्यात उतरली. चिमुरडी खुदकन हसली. काठावर जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या तिच्या आईनं विचारलं, "कुणी केलं हो हे?"

"हिनं!" सर छाती फुगवून म्हणाले. अख्खा तलाव वळून बघू लागला. मॅडमची 'ही' कधी झाली, कुणास ठाऊक!

"दोघांनी केलं," ती म्हणाली. मान ताठ होती. गाल मात्र तापले होते.

सर जवळ सरकले. "हे 'दोघांनी'... काम असेपर्यंतच का?"

"काम शुक्रवारीच संपलं," ती हळूच म्हणाली. "आज मी कशाला आलेय, असं वाटतं तुम्हाला?"

दिवसभर पोरांवर ओरडणाऱ्या सरांनी नुसता हात पुढे केला. तिनं तो धरला – सगळ्यांदेखत.