वाकडं स्टेअरिंग

रोह्याच्या बाजारात गणपती पोचवून ऋजुताने व्हॅन वळवली, तोच पुढच्या चाकापाशी कडकड आवाज झाला. गॅरेजच्या पायरीवर चहा पीत बसलेला तरुण ग्लास ठेवून उठला.

"थांबवा! टायरॉड एंड गेलाय... बॉल जॉइंटपण. हमरापूरला पोचायची नाय गाडी."

"हमरापूर कसं ओळखलंत?"

"गणपती रंगवणारं गाव ते. आणि तुमच्या नाकावर सोनेरी रंग हाय."

तिने नाक पुसलं, तर रंग गालावर गेला. तो हसला — आणि ती उगीचच व्हॅनच्या आरशात बघू लागली.

सुशील त्याचं नाव. गाडीखाली शिरून तो मोजू लागला. जुना टायरॉड एंड, म्हणजे चाक स्टेअरिंगशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक, जितक्या फेऱ्यांत निघतो, तितक्याच फेऱ्यांत नवा बसवायचा. मग स्टेअरिंग सरळ राहतं. "बाकी पेणला चाकांची अलाइनमेंट करून घ्या," तो म्हणाला.

"टॉर्च धरू?" तिने वाकून विचारलं.

"नको! तुम्ही... बाकावर बसा."

परतताना स्टेअरिंग डावीकडे वाकडं. अलाइनमेंटचं दुकान पेणमध्ये वाटेवरच होतं, पण ती थांबली नाही. आठवड्याने रिकामी व्हॅन घेऊन पुन्हा रोह्याला आली. त्याने पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. आता ते उजवीकडे वाकडं झालं. गप्पांत 'तुम्ही'चं 'तू' झालं, स्टेअरिंग मात्र सरळ होईना.

तिसऱ्यांदा आली, तर गॅरेजमध्ये एक पांढरी गाडी आधीच जॅकवर चढलेली. शेजारी उकिडवी बसलेली अंतरा — सुशीलच्या गप्पांत आलेली, रोह्यातली दातांची डॉक्टर. आणि तिच्या हातात... टॉर्च!

ऋजुता बाकावर बसली. अंतराची ओढणी सुशीलच्या हाताला लागली का? लागलीच की!

"एकोणीस... वीस," सुशील शांतपणे मोजत होता.

अंतरा एक चक्कर मारून आली. "अगदी नाकासमोर चालते हो! याच्याकडे निर्धास्त द्या गाडी," असं ऋजुतालाच सांगून निघून गेली.

"नाकासमोर म्हणे!" ऋजुता फणकारली. "तिची सरळ, माझीच वाकडी? आणि टॉर्च... मला कधी धरू दिलीस?"

"तिने धरली तरी माझी मोजणी चुकत नाय."

"आणि माझ्या गाडीखाली चुकते?"

"दोन्ही वेळा चुकली. तू वाकून बघितलंस की बारानंतर काय येतं, तेच आठवत नाय..." तो कानापर्यंत लाल झाला. "पण तू सांग. पेणचा अलाइनमेंटवाला अर्ध्या तासात सरळ करून देईल. मग एवढ्या लांब कशाला येतेस?"

तिने नाकाच्या शेंड्यावरून बोट फिरवलं.

"त्याला माझ्या नाकावरचा रंग दिसला नसता," ती हळूच म्हणाली.

सुशीलने टॉर्च शर्टाला पुसली आणि तिच्या हातात दिली. ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली, अगदी ओढणी लागेल इतकी जवळ.

"तू नुसतं फिरव. आजपासून मोजणार मी."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर... पुन्हा पहिल्यापासून."