टाकीवरचा रिकामा माईक

या मंडळी, पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनी पाठ सोडा, दारातल्यांनी आत या. आज सांगायची आहे ती एका आवाजाची गोष्ट. भर दुपारी, शेकडो माणसांच्या देखत तो आवाज चोरीला गेला, आणि चोर तिथंच बसून सगळ्यांबरोबर त्याला शोधत होता. कान देऊन ऐकलंत तर सांगायच्या आधीच तुम्ही त्याचं मनगट धराल. देवाचं नाव घ्या, सुरू करू.

साल दोन हजार आठ, मार्चमधला रविवार. फोन खात्यातला प्रसेनजीत कुरणे सुट्टीच्या दिवशी निवांत जेवायला बसला होता. पहिला घास हातात असतानाच मोबाईल वाजला.

"कुरणेसाहेब, बुवा न्हाईत," शर्यतीच्या ट्रॅकची मालकीण रूपाली म्हणाली.

"न्हाईत म्हंजे?"

"टाकीवर माईक हाय, पाण्याचा तांब्या हाय, बुवा न्हाईत. साडेतीनला फायनल सुटती. आत्ता अडीच वाजल्यात."

प्रसेनजीतनं हात धुतला.

कळंब्याच्या तलावापलीकडं मुरमाड माळावर रूपालीच्या वडिलांनी मोटारसायकलींचा ट्रॅक बांधला होता. मातीचे उंचवटे, त्यावरून गाड्या पुरुषभर उसळी घेणार, खाली आदळणार आणि धुरळ्यातून पुन्हा सुटणार. या खेळाचे शौकीन थोडे, पण जिवाला लावून घेणारे. गॅरेजवाले, मिस्त्री, आणि पोटासाठी पुण्याला, बंगळुराला, दुबईला गेलेले त्यांचे भाऊबंद. वडील वारले, ट्रॅक कर्जासकट पोरीच्या गळ्यात पडला. मागच्या वर्षापासून रूपालीनं शर्यत इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. गॅरेजात कुपन मिळायचं. कुपनावर नुसता नंबर; परगावच्या भाऊबंदांना तो फोनवर कळायचा. दर फळ्यावर खडूनं लिहिलेला, तीस रुपये. नंबर साईटवर घातला की चित्र सुरू.

चित्र कसलं, पोस्टकार्डाएवढी चौकट. मैदानातलं घडलेलं चाळीस सेकंदांनी तिथं पोचायचं, तेही अडखळत. धुरळ्यात लाल गाडी कुठली आणि निळी कुठली, कळायचं नाही. तरी लोक पैसे द्यायचे. कारण टाकीवर दादासोबुवा उभे असायचे.

बुवा मूळचे कीर्तनकार. साठी उलटलेली, कमरेला उपरणं, गळा असा की पेटीवाल्याला सूर शोधावा लागू नये. पाण्याच्या टाकीवरून त्यांना अख्खा ट्रॅक दिसायचा, टेकाडामागची उतरणसुद्धा. तिथं कॅमेरा पोचत नसे. कॅमेऱ्याला न दिसणारं बुवा सांगायचे. आख्यान रंगवावं तशी ते शर्यत रंगवायचे, आणि दुबईतला माणूस डोळे मिटून ऐकायचा. माईक हातात घेण्याआधी बुवांचा एक प्रश्न ठरलेला: आजचा दर किती? ऐकणाऱ्यानं काय मोजलंय हे माहीत नसताना तोंड उघडणं त्यांना पाप वाटायचं. बोलता बोलता दोनचारदा तो आकडा यायचाच.

प्रसेनजीतचा या माणसावर जीव होता. त्याचे वडील विहारात प्रबोधनाची गाणी गायचे, बुवा देवळात. दोघांची गाण्यावरून रात्र रात्र भांडणं चालायची आणि सकाळी दोघं एकाच कपातला चहा अर्धा अर्धा घ्यायचे. वडील गेल्यावर तो कप बुवांनी मागून नेला होता.

टाकीखालच्या खोलीत तिघं होते. रूपाली येरझाऱ्या घालत होती. कुपनं खपवणारा सयाजी फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता. साईट बांधणारा आणि चालवणारा उन्मेष लॅपटॉपसमोर बसला होता. पहाटेच्या गाडीनं पुण्याहून नवीन यंत्र घेऊन तो परस्पर ट्रॅकवर उतरला होता. डोळे तांबडे, पण बोटं शांत. बाहेर मचाणावर कॅमेऱ्यामागं गुंडू.

बुवा मोबाईल बाळगत नसत. प्रसेनजीतनं त्यांच्या शेजाऱ्यांकडं फोन लावून बुवांच्या पत्नीला, चिमणाबाईंना, बोलावलं.

"वहिनी, बुवा कवा गेलं?"

"अकराला. पांढरी गाडी आलती. ट्रॅकचं काम हाय म्हनला डायवर."

"गाडी कुठल्या अंगाला गेली?"

"गारगोटी रस्त्यानं खाली. ट्रॅक तिकडंच की. का रं बाबा? जेवणाआधीची गोळी घेतली न्हाई त्यांनी. साखर हाय. डबाबी हितंच ऱ्हायलाय."

रूपालीनं मान हलवली. तिनं कुठलीच गाडी पाठवली नव्हती.

साडेतीनला झेंडा पडला. गाड्या सुटल्या, माती उडाली, आणि साईटवर नुसती घरघर. आठशे कुपनवाले मुकं चित्र बघत बसले. सयाजीचा फोन थांबेना. पावणेचारला एक फोन ऐकता ऐकता त्यानं हातानं सगळ्यांना जवळ बोलावलं.

पुण्यातल्या एका मिस्त्रीनं कळवलं होतं: दुसरी एक साईट आजच उघडली आहे, कालपासून मेसेज फिरत होते. दर दहा रुपये.

प्रसेनजीतनं कोपऱ्यातल्या संगणकावर ती उघडली. चित्र तेच, गुंडूच्याच कॅमेऱ्याचं. आणि त्यावर आवाज, खणखणीत, दादासोबुवांचा.

"विकला गेला म्हातारा," सयाजी म्हणाला.

बातमी खोलीबाहेर जायला मिनिट लागलं नाही. मैदानावरचे लोक टाकीकडं बघून शिव्या घालू लागले. दोघांनी गाड्यांना किक मारली, बुवांच्या घराकडं जायला. रूपालीचा चेहरा दगडासारखा झाला होता. वडिलांच्या तिरडीपुढं ज्या माणसानं भजन म्हटलं, त्यानं आज दहा रुपयाच्या दुकानात गळा मांडला होता. तिनं पोलीस ठाण्याचा नंबर काढला.

प्रसेनजीतनं तिचा हात धरला. "ताई, ठाण्याच्या वहीत एकदा नाव चढलं की बुवांना परत कुठल्या देवळात उभं करणार न्हाईत. मला अर्धा तास द्या. तेवढा तर त्यांचा हक हाय."

तिनं घड्याळ बघितलं, आणि किक मारलेल्या दोघांनाही परत बोलावलं. "अर्धाच."

प्रसेनजीतनं कानाला हेडफोन लावले. लहानपणापासून त्या आवाजाचा श्वास त्याला ओळखीचा होता. बुवा रंगात होते. आवाजात भीती नव्हती, लाजही नव्हती. लाल गाडी टेकाडामागं गेली आणि बुवा गप्प झाले. गाडी पुन्हा चित्रात आली, तसे बोलू लागले. पुढच्या फेरीलाही तेच. मग ते म्हणाले, "पंचेचाळीस रुपये मोजून बसलाय मंडळी. पैसा घामाचा हाय तुमचा, एकबी उसळी वाया जाऊ देणार न्हाई." चार वाजून गेले तेव्हा त्या बोलण्यामागून एक लांबलचक भोंगा ऐकू आला. प्रसेनजीतनं हेडफोन काढून बाहेर कान दिला. माळावर गाड्यांशिवाय काही वाजत नव्हतं.

दाराशी गलका झाला. सयाजीनं गुंडूला मचाणावरून खाली ओढून आणलं होतं. गुंडू बुवांच्या नात्यातला, चित्र त्याच्याच कॅमेऱ्याचं. सयाजीच्या मुठीत त्याची कॉलर होती.

"सोड त्याला," प्रसेनजीत म्हणाला. "गुंडू, बुवांस्नी शेवटचं कवा भेटलास?"

"बुधवारी. गुरुवारी त्येनी सप्त्याला गेल्ते राधानगरीकडं. काल रातीला आल्यात."

"आजचं कुपन कितीला हाय?"

"तीस. ताईनं शुक्रवारी फळा पुसून परत लिवलं की."

"परत म्हंजे?"

उत्तर रूपालीनं दिलं. गुरुवारी संध्याकाळी याच खोलीत चौघांची बैठक झाली होती. फायनलचा दर पंचेचाळीस करावा, हा सयाजीचा आग्रह. बाकीच्यांनाही पटलं, तसं ठरलं आणि रात्रीच गॅरेजातल्या फळ्यावर चढलं. घरी गेल्यावर तिला झोप लागली नाही. मिस्त्री माणसाला परवडलं पाहिजे, असं वडील म्हणायचे. शुक्रवारी उजाडताच ती गॅरेजात गेली आणि फळ्यावर पुन्हा तीस लिहिलं. एकही कुपन पंचेचाळीसला विकलं गेलं नव्हतं.

"आन् दोन दिस मी कुपनं विकणाऱ्या पोरांची बोलणी खाल्ली," सयाजी गुरगुरला. "आठशे कुपनं तिसाला खपवली. माझं कमिशन बुडालं ते येगळंच."

प्रसेनजीत उन्मेषकडं वळला. "हे चित्र कुठनं उचललं असंल?"

"सोपं आहे. कुणीतरी एक कुपन घेतलं. आपल्या साईटवरून चित्र घेतलं, आवाज वरून घातला."

"जागा कळंल?"

"तुम्हालाच माहीत साहेब. रविवार आहे. तुमचं खातं पोलिसांच्या पत्राशिवाय पत्ता देणार नाही."

खरंच होतं ते. प्रसेनजीतनं फेऱ्यांचा आकडा लिहायचा मोठा फळा मागवला, त्यावर हातभर अक्षरांत चार शब्द लिहिले आणि गुंडूच्या हातात दिला.

"मचाणावर चढ. ह्यो कॅमेऱ्याम्होरं धर. मी सांगंपर्यंत हलवू नकोस."

गुंडूनं कॉलर सारखी केली आणि पळत गेला. पडद्यावरची शर्यत दिसेनाशी झाली. फळा दिसू लागला: 'बुवा, दर कुणी सांगितला?'

उन्मेषचा हात लॅपटॉपकडं गेला. "काय चाललंय हे? प्रेक्षक शिव्या देतील. बंद करतो."

प्रसेनजीतनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. चित्र तिकडं जायला चाळीस सेकंद, आवाज हिकडं यायला चाळीस. तवर मी बोलतो, तू ऐक."

तो सगळ्यांकडं तोंड करून बोलू लागला.

"बुवा टेकाडामागचं सांगत न्हाईत. म्हंजे त्यांना ते दिसतच न्हाई. मैदानाजवळ कुठं न्हाईत ते, आपल्याच चित्राकडं बघून बोलाय लागल्यात. मागं भोंगा वाजला. गाडी गारगोटी रस्त्यानं गेली आणि त्या अंगाला चारच्या पाळीला एवढा भोंगा बिद्रीच्या साखर कारखान्याचा. बुवा बिद्रीत हाईत.

"आता दराचं. साईट दहा रुपयाची, आणि बुवा सांगत्यात पंचेचाळीस. विकला गेलेला माणूस मालकाचा दर सांगंल का दुसऱ्याचा? बुवांना वाटतंय ते रूपालीताईंसाठीच बोलाय लागल्यात. नवी खोली, नवी सोय, असं कायतरी सांगून बसवलंय त्यांना. काल रातीपातूर बुवा सप्त्याला होते, दर ठाऊक न्हवता, म्हणून नेहमीसारखा त्यांनी विचारला. ज्यानं बसवलं त्याला उत्तर द्यावं लागलं."

त्यानं रूपालीकडं बघितलं. "पंचेचाळीस हा आकडा ह्या खोलीत जन्मला आणि रात्रीतच मेला. सयाजी तिसाची कुपनं विकत फिरला. गुंडूच्या म्होरं फळा पुसला गेला. ह्यातल्या कुणीबी तीसच सांगितलं असतं. गुरुवारी आकडा ऐकून जो गावाबाहेर गेला आणि आज परस्पर हितं आला, त्याच्यासाठी दर अजून पंचेचाळीसच हाय."

रूपाली हळूहळू उन्मेषकडं वळली. बैठक संपताच त्यानं पुण्याची गाडी धरली होती.

संगणकातून आवाज आला. बुवा चित्रातलं सगळं सांगायचे, तसं त्यांनी हेही सांगितलं.

"आता मैदानावर फळा धरलाय मंडळी. काय लिवलंय... बुवा, दर कुणी सांगितला. सांगितला की आपल्या उन्मेषनं. हितल्या माणसानं फोन लावून दिलता सकाळी. का रूपाली, चुकला का काय माझा आकडा?"

खट्ट झालं. ती साईट काळी पडली.

उन्मेषचं एकेक बाहेर आलं. साईट त्यानं बांधली, पगार मात्र महिन्याचा ठरलेला. चित्राला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, लोक त्या आवाजाचे पैसे देत होते, हे सगळ्यांत आधी त्याच्या ध्यानात आलं होतं.

"आणि उद्या बुवांना खरं कळलं असतं तर?" प्रसेनजीतनं विचारलं.

"कळून कुठं जाणार होते?" उन्मेष म्हणाला. "आज संध्याकाळनंतर त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. माझ्याकडंच आले असते."

रूपालीनं मघाशी काढलेला नंबर आता लावला. नाव दुसरं सांगितलं.

प्रसेनजीतनं चिमणाबाईंकडून डबा आणि गोळी घेतली आणि गाडी बिद्रीकडं दामटली. कारखान्यासमोरच्या एका गाळ्यातून बुवांचा आवाज बाहेर येत होता. तो आत शिरला तेव्हा उन्मेषनं नेमलेला भाड्याचा माणूस तार कापून पळून गेला होता. बुवा एकटेच होते. कानाला हेडफोन, समोर रूपालीच्या साईटचं चित्र, आणि तोंडानं अखंड बोलणं चालू. तार कापलेली त्यांना ठाऊकच नव्हती. शेवटची फेरी, निशाण, जिंकलेला गडी, सगळं त्यांनी त्या मेलेल्या माईकला सांगून झालं होतं.

गाडीत भाकरी खाता खाता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "म्हंजे तीस देणाऱ्यांनी आज मुकंच बघितलं?"

परत आले तेव्हा शर्यती संपून तास झाला होता. लोक गेले नव्हते. सयाजी पुढं होऊन पाया पडायला वाकला, बुवांनी त्याला बाजूला केलं आणि ते गुंडूपाशी थांबले. टेकाडामागं काय घडलं ते एकेका गड्याला विचारून घेतलं. कोण घसरला, कुणी कुणाला हात दिला. मग ते टाकीची शिडी चढले. साईट अजून चालूच होती, रूपालीनं तिला माईक जोडला. गुंडूनं रिकाम्या ट्रॅकवर कॅमेरा धरला.

"आजचा दर किती?" बुवांनी वरून विचारलं.

"तीस," रूपाली म्हणाली.

रिकाम्या मैदानाकडं बघत बुवांनी फायनल पहिल्यापासून सांगितली. दहा रुपये देऊन फसलेल्यांनाही त्यांनी नमस्कार घातला, ऐकायलाच आल्ती ती बी, म्हणाले. आठशे कुपनवाल्यांतल्या एकानंही तोवर साईट बंद केली नव्हती.

तर मंडळी, बुवांचा गळा आता बसलाय. टाकीची शिडी त्यांना चढवत नाही. कळंब्याला घरीच असतात. येत्या एकादशीला भजनात टाळी वाजवाल तेव्हा एक टाळी दादासोबुवांच्या नावाची वाजवा. आणि त्या अंगाला कधी गेलात, तर उंबऱ्यावर घटकाभर टेका. चहा मिळेल, अर्धा कप.