साडेआठशे पावलांवरचं मचाण

टिटवी संघ निघाला होता तो पथकाचा झेंडा आणायला. किनाऱ्यावरच्या एका गावच्या स्काऊट पथकात चार संघ होते. वर्षभरात ज्या संघाची कामगिरी सरस ठरे, त्याने मे महिन्यात ओहोटी साधून समुद्राचा उघडा पडलेला तळ तुडवत ओस्टरहोल्म बेटावर जायचं, तिथल्या शाळेत ठेवलेला झेंडा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या ओहोटीला चालतच परतायचं. टिटव्यांना हा मान अकरा वर्षांत मिळाला नव्हता. १९७८ साली मिळाला.

आता परतीच्या वाटेवर झेंडा सोळा वर्षांच्या काइकेच्या खांद्यावर होता. ती संघनायिका. तिच्या मागे होकायंत्र सांभाळणारा नाहमेन, औषधांची पिशवी घेतलेली ग्योना आणि दोरखंड वाहणारे हान्सेन जुळे. सगळ्यांत शेवटी पथकप्रमुख मोम्मे. वय साठ, आणि या गाळातला परवानाधारक वाटाड्या. पथकात सगळे एकमेकांना अरेतुरेच करत, मोम्मेलाही. त्याचा एक नियम होता: वाटेवर हुकूम संघनायकाचा. आधी प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, मग नायकाने ठरवायचं. मोम्मेच्या मताचं वजनही इतरांएवढंच.

अर्धी वाट संपली आणि पश्चिमेकडून धुकं आलं. बघता बघता मागचं बेट गेलं, पुढचा किनाऱ्यावरचा बांध गेला. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

मऊ गाळाचा पट्टा वळसा घालून टाळायचा, असा त्यांचा बेत होता. वळशाला अर्धा तास लागणार होता.

"सरळ जाऊ या," काइके म्हणाली. "धुकं वाढायच्या आत."

"माझं मत वळशाचं," मोम्मे म्हणाला. "पण ठरवायचं तू."

ती सरळ गेली. शंभर पावलांवर मागून फट्कन आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. मोम्मेचा उजवा पाय मांडीपर्यंत गाळात रुतला होता, आणि अंगाचा सगळा भार भलत्याच बाजूला कलला होता.

दोघे जुळे पोटावर आडवे झाले, हातांनी गाळ उपसू लागले. त्याला बाहेर काढायला वीस मिनिटं गेली. ग्योनाने विजार कापून पाय पाहिला. नडगीचं हाड मोडलं होतं. काइकेने झेंड्याचं कापड सोडवून नाहमेनच्या गळ्यात टाकलं आणि काठी गुडघ्यावर मोडली. त्या दोन तुकड्यांत ग्योनाने पाय बांधला.

तेवढ्यात जुळ्यांपैकी हार्के हळूच म्हणाला, "पाणी फिरलंय."

गाळावरच्या रेघांमधून पाण्याची बारीक जीभ पुढे सरकत होती. भरती लागली होती. किनारा दीड तासावर, तोही धडधाकट माणसाला. वाटेत दोन ओहोळ, आणि ते सगळ्यांत आधी भरणार.

"मचाण," नाहमेन नकाशावर बोट ठेवून म्हणाला. अडकलेल्यांसाठी चार खांबांवर उभं केलेलं ते लाकडी मचाण ईशान्येला होतं. "साडेआठशे पावलं. फार तर नऊशे."

"तुम्ही निघा," मोम्मे म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मी नव्वद किलोचा आहे. मला ओढत बसलात तर सहाही जण बुडू. हा हुकूम समज."

"तुझं हे मत धरलं," काइके म्हणाली. "बाकीच्यांचं?"

"न्यायचं," ग्योना म्हणाली. जुळ्यांनी माना डोलावल्या.

"न्यायचंच," नाहमेन म्हणाला. "याला इथे सोडलं तर याच्या बायकोला तोंड कोण दाखवणार? मी नाही बुवा."

प्रत्येकाच्या पाठीवर तंबूच्या काळ्या कापडाचा एकेक तुकडा असे. दोन तुकडे एकावर एक अंथरून मोम्मेला त्यावर घेतलं. पिशव्या तिथेच टाकल्या. दोर कापडाला बांधून खांद्यांवर घेतले आणि ओढायला सुरुवात केली.

ओल्या गाळावरून कापड घसरत होतं, पण पावलं रुतत होती. नाहमेन होकायंत्रावर नजर ठेवून मोठ्याने पावलं मोजत होता. दोनशे. तीनशे. पाणी घोट्यावर आलं. पाचशेला ते पोटरीवर होतं, आणि बर्फासारखं गार. कापडावर पाणी चढून मोम्मेचं डोकं बुडू लागलं, तेव्हा ग्योना त्याच्या बगलेत हात घालून मागे चालू लागली. तो आधी कण्हत होता. मग कण्हणंही थांबलं. काइकेला ते जास्त भयंकर वाटलं.

आठशे पन्नास. मचाण नव्हतं.

नऊशे. पाणी कमरेला.

"चुकलो आपण," नाहमेन म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "माझी पावलं आखूड पडली असणार. किंवा आपण बाजूला सरकलो. काइके, मला खरंच माहीत नाही."

वळसा घेतला असता तर? पण आता त्याचा विचार करून एक पाऊलही मिळणार नव्हतं. काइकेने दोराचं टोक कमरेला बांधलं.

"तुम्ही सगळे एकाच जागी उभे राहा. मोम्मेला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला धरून. मी दोर ताणून तुमच्याभोवती फिरते."

चाळीस मीटर दोर. ती धुक्यात शिरली. दोर ताठ झाला तशी डावीकडे वळली आणि चालू लागली. लाट छातीवर आदळली. तिचा पाय सुटला! खारं पाणी नाकातोंडात गेलं. ती धडपडत उभी राहिली, पुन्हा चालू लागली. पाव फेरा. अर्धा फेरा. काहीच नाही. बोटं बधिर झाली होती. मागून मुलांच्या हाका येत होत्या, आणि त्या हाकांत रडू मिसळलं होतं.

मग तिचा हात कशावर तरी खरवडला. शिंपल्यांनी भरलेलं, ओबडधोबड, उभं. खांब!

तिने दोर खांबाला बांधला आणि तीन हिसके दिले. त्या दोराला धरून पाचही जण आले. शिडीवरून मोम्मेला वर चढवणं सगळ्यांत अवघड होतं. त्याच्या काखेतून दोर घालून जुळ्यांनी वरून ओढलं, बाकीच्यांनी खालून खांदे दिले. एकदा तो घसरला आणि सगळ्यांना घेऊन पाण्यात पडला. दुसऱ्यांदा चढला. काइके शेवटी शिडी चढू लागली, तेव्हा पाणी तिच्या गळ्याशी होतं.

मचाणावर छप्पर नव्हतं. मोम्मेला मध्ये घेऊन सगळे त्याला चिकटून बसले. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट कान देऊन शांत. पाळीपाळीने. एक तास गेला, दोन गेले. ग्योना मोम्मेच्या गालावर चापट्या मारून त्याला त्याच्या शेळ्यांची नावं विचारत होती. सातव्या नावानंतर तो बोलेना.

दुपारी साडेतीनच्या सुमारास शिट्टीला भोंग्याने उत्तर दिलं. कोळंबी पकडून परतणारी बोट होती. धुक्यातून तिचं नाक अगदी खांबापाशी आलं.

मोम्मेला दोराने खाली उतरवून घोंगड्यांत गुंडाळलं. त्याने डोळे उघडले, शेळीचं आठवं नाव सांगितलं आणि पुन्हा मिटले. बोटीच्या तांडेलाने पोरांकडे पाहिलं. "किती जण होता तुम्ही? कोणी मागे राहिलंय?"

"सहा," काइके म्हणाली. "सहाही आलो." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "वाट मी चुकीची निवडली होती. सरळ जायचं मी ठरवलं."

तांडेलाने तिच्यापुढे कॉफीचा कप केला, पण तिला तो घेता येईना. दोराचं टोक अजून तिच्या मुठीत होतं आणि बोटं उघडतच नव्हती.

नाहमेन तिच्या शेजारी बसला. "आण इकडे," म्हणाला, आणि तिचं एकेक बोट हळूहळू सोडवू लागला.